‘घरी न्या, सेवा करा’

राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी भूलतज्ज्ञ. नोकरीची सगळी वर्षं तुमच्याच खात्यात काढली, त्यामुळे हे पत्र कुठल्या टेबलावर येईल आणि कुठल्या फायलीखाली जाईल हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते आवक-जावकच्या खिडकीत न देता असं उघड्यावर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेदोनला एका मुलाचा फोन आला. माझा नंबर त्याला कुणी दिला कोण जाणे, असे नंबर गावोगाव फिरत असतात. आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून महिन्यापूर्वी परत आणलेली. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते त्याने एकेक अक्षर जुळवत वाचून दाखवलं, आणि कार्डावर न लिहिलेलं पण डॉक्टरांनी निघताना सांगितलेलं वाक्यही सांगितलं : आता इथं करण्यासारखं काही नाही, घरी न्या, सेवा करा. ‘मॅडम, सेवा करतोय हो,’ तो म्हणाला. ‘पण ती सकाळपासनं वरडतीय. आता आवाज बसलाय, नुसतं तोंड उघडतंय. शेजारी आधी यायचे, आता दारं लावून घेतात. काय देऊ मी?’

त्याच्याकडे पॅरासिटामॉलची पाकिटं होती. दिवसाला एक डायक्लोफेनॅक टोचणारा गावातला डॉक्टर होता. त्याहून जोरकस वेदनाशामक ट्रॅमाडॉल, ते 2018 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्यापासून गावातला मेडिकलवाला तेही ठेवत नव्हता. मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरकस वेदनाशामकाची, गोळी मिळेल असं सर्वांत जवळचं ठिकाण त्याच्या घरापासून 160 किलोमीटरवर होतं. तुमचं ग्रामीण रुग्णालय 4 किलोमीटरवर. हे पत्र त्या मधल्या 156 किलोमीटरांबद्दल आहे.

ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं, तो कागदपत्रं घेऊन एसटीने गेला, गोळ्या घेऊन परत पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. आई त्यानंतर पाच दिवस होती. त्यातल्या चार रात्री झोपली, आणि एकदा चहा मागितला. चहाचं त्याने मला दोनदा सांगितलं.

तुम्ही निर्दय आहात असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः काय केलं ते आधी सांगते.

1991 साल. मी नवीन, एका तालुक्याच्या गावी. वॉर्डात एक शेतमजूर होता, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांत उतरलेला. दर दोन-अडीच तासांनी ओरडायचा. फोर्टविन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं की तासभर गप्प, मग पुन्हा तेच. ‘सवय लागेल त्याला’ हे तेव्हा आमचं सगळ्यांचं पाठ वाक्य. त्या रात्री मी सिस्टरांना म्हटलं, डिस्टिल्ड वॉटर द्या. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता सिरिंज भरली. इंजेक्शन घेऊन झाल्यावर त्या माणसाने मला हात जोडले. ‘बाई, आता जरा बरं वाटंल,’ म्हणाला. आणि अर्धा तास खरंच गप्प पडून राहिला. मी मनात म्हटलं, बघा, नाटकच होतं. दुखणारा माणूस कधी कधी एवढ्यासाठीच गप्प होतो की पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई चिडू नयेत. हे मला कळायला आणखी आठ वर्षं लागली.

गंमत अशी, की त्याच इमारतीत ऑपरेशन थिएटरच्या कपाटात मॉर्फिनच्या अँप्युल होत्या. अपेंडिक्सच्या पेशंटला मी त्या दुपारीच दिलं होतं. तो चार दिवसांत बरा होऊन घरी जाणार होता. जो बरा होणार नव्हता, त्याच्या वाट्याला पाणी.

1999 मध्ये केरळात कालिकतला काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले. खरं सांगायचं तर बदली टळावी म्हणून गेले. तिथे 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं होतं. राजगोपालही मूळचे भूलतज्ज्ञच. मला वाटलं होतं काही नवीन यंत्रं, मणक्यात द्यायच्या सुया, नसा बधीर करायचे ब्लॉक शिकायला मिळतील. पाहायला मिळालं ते असं : एक जुनाट जीप, शाळामास्तर आणि दुकानदार असलेले स्वयंसेवक, आणि पांढऱ्या गोळ्या. 10 मिलीग्रॅमच्या. म्हातारं माणूस असेल तर अर्धी. दर चार तासांनी, दुखो वा न दुखो. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधल्या दोनच्या डोससाठी झोपमोड नको. सोबत जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने कोठा हमखास बसतो. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स बाईंनी हा घड्याळाचा नियम रूढ केला. दुखणं परत यायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे, म्हणजे माणूस दुखण्याची वाट बघत जगत नाही. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्यांच्या सेवेचं ठिकाण, काढलं. आधी नर्स होत्या हे महत्त्वाचं. रात्री दोन वाजता वॉर्डात काय चालतं हे डॉक्टरला सकाळच्या राउंडला कळत नाही.

परत आल्यावर मी पहिल्यांदा पेशंटचं बोलणं ऐकायला लागले. आपल्या केसपेपरवर सगळं दुखणं ‘सी/ओ पेन’ (तक्रार : दुखणं) या दोन शब्दांत जातं. आणि आपल्या भाषेत पाहा काय काय आहे. ठणका, कळ, चमक, आग, ठुसठुस, सल, मुंग्या, पिळवटणं, भरून येणं. पेशंट निदान सांगत असतो, आपण ते इंग्रजीत ढकलताना पुसून टाकतो. ‘आग होते’, ‘मुंग्या येतात’, ‘मधेच चमक मारते’ म्हणाला, की नस दाबली गेली आहे. तिथे नुसतं मॉर्फिन पुरत नाही, रात्री अमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी किंवा गॅबापेंटिन जोडावं लागतं. ‘कळ येती अन् जाती, आतडं पिळवटतंय’ म्हणजे आतड्याचं दुखणं, त्याचं औषध वेगळं. रात्री ठणका लागतो, कूस बदलली की जीव जातो म्हणाला, तर हाडात उतरलंय का बघा; अशा हाडाला किरणोपचाराचा एकच डोससुद्धा पुष्कळदा आराम देतो. ठुसठुसत असेल तर आधी पू शोधा. आणि ‘जीव घाबरतो’ असं जो म्हणतो त्याला पुष्कळदा दम लागलेला असतो. त्यालाही मॉर्फिनचा अगदी थोडा डोस लागू पडतो, हे आपल्यातल्या बऱ्याच फिजिशियनना अजून पटत नाही.

मोजायचं कसं, हा आणखी एक घोळ. पुस्तकात शून्य ते दहा. आमच्या आजीबाईंना दहापैकी सात म्हणजे काय? त्या म्हणायच्या, लई दुखतंय. मग मी आण्यांवर आले. ‘सोळा आणे दुखत होतं म्हणा, आता किती राहिलं?’ उत्तर चटकन यायचं : ‘आता चार आणे. पर रातीला बारा आणे हुतं बघा.’ एवढं नेमकं उत्तर मला शिकल्या-सवरलेल्या पेशंटकडून क्वचित मिळालं. आण्यांची पिढी आता संपत आली. हल्लीच्या पोरांना मी मोबाईलची बॅटरी विचारते. चालतं.

आता कायद्याचं. कारण तुमच्यापैकी दहातले आठ जण इथेच थांबतात.

अमली पदार्थांचा कायदा आला 1985 साली. किमान शिक्षा दहा वर्षं, आणि मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने. एकाची मुदत भरेपर्यंत दुसरा येत नसे. दुकानदारांनी हात झटकले, रुग्णालयांनी झटकले. 1997 मध्ये अख्ख्या देशात औषध म्हणून मॉर्फिन वापरलं गेलं ते 18 किलो. अठरा. आणि याच देशात, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि त्यातली बरीचशी परदेशांतल्या रुग्णांच्या कामी येते. पिकवायचं आपण, आणि कळा सोसायच्या आपल्याच माणसांनी.

पण तो कायदा आता तसा राहिलेला नाही, आणि हेच मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. 2014 मध्ये संसदेने दुरुस्ती केली. 2015 मध्ये नियम आले. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. आता रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता लागते आणि ती देतं आपलं अन्न व औषध प्रशासन. प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, जबाबदार ठरवून दिलेली व्यक्ती, कुलूपबंद साठा, रोजची नोंद, वर्षाचा हिशोब. गर्भपात केंद्राला किंवा सोनोग्राफी मशीनला याहून जास्त कागद रंगवावे लागतात आणि ते तुम्ही बिनबोभाट रंगवता.

मी निवृत्त होईपर्यंत चार अधीक्षकांसमोर हा अर्ज ठेवला. त्यांचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत.

एकजण म्हणाले, ‘मॅडम, गर्दुल्ले येतील.’ गर्दुल्ला चार तासांच्या घड्याळाने दहा मिलीग्रॅमची गोळी जुलाबाच्या गोळीबरोबर घ्यायला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून येत नाही. आणि ज्याला कॅन्सर आहे तो ‘वाढवून द्या’ म्हणतो तेव्हा त्याला व्यसन लागलेलं नसतं, आपला डोस कमी पडलेला असतो. श्वास बंद पडेल ही दुसरी भीती. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं, किडनी बघून दिलं, तर तोंडाने घेतलेल्या गोळीने तसं होताना मी पाहिलं नाही. माणूस पहिले दोन-तीन दिवस गुंगीत झोपतो खरा. घरचे घाबरून फोन करतात. अहो, तो महिनाभराची झोप काढत असतो.

चोरी होईल, हा तिसरा. माझ्या रजिस्टरमध्ये एवढ्या वर्षांत एकदाच गोळ्यांचा मेळ लागला नाही. दोन दिवस फार्मासिस्ट आणि मी तोंड लपवत फिरलो. तिसऱ्या दिवशी साफसफाई करताना मावशींना कपाटामागे कुरतडलेली पट्टी सापडली. उंदीर. पंचनामा करावा लागला, त्यावर सह्या करताना अधीक्षक हसत होते, मी नव्हते. उलट जे मी पाहिलं ते हे : माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत आणायच्या असं आम्ही आधीच सांगून ठेवायचो, आणि लोक आणायचे. तेराव्यानंतर, डोकं तासडलेला मुलगा, हातात स्टीलचा डबा. एका डब्यात 14 गोळ्या होत्या आणि बाजूला कागदात बुंदीचे लाडू. मी गोळ्या मोजून रजिस्टरला चढवल्या, लाडू मामांनी वाटले.

‘मागणीच नाही’ हे चौथं, आणि खरं तर सर्वांत जास्त ऐकलेलं. बरोबर आहे, नाही मागणी. जी वस्तू असते हेच माहीत नाही ती मागणार कोण? लोक जे मागतात ते आपण देतोच : सलाईन. शेवटच्या दोन दिवसांत सलाईनने छातीत पाणी साचतं, घशातली घरघर वाढते, पायाला सूज येते, पण बाटली टांगलेली दिसली की घरच्यांना वाटतं काहीतरी चाललंय. आपल्यालाही तेच वाटतं. त्यापेक्षा ओठ ओले ठेवा, कुशीवर वळवा, तोंडात तुळशीपत्राचं पाणी थेंबथेंब सोडायचं तर सोडा, असं मी सांगायचे. गंगाजलाची कुपी प्रत्येक घरात असतेच.

एका एसटी कंडक्टरबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तंबाखू, मग गालाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, परत उलटला. आमच्याकडे आला तेव्हा गालाला आरपार भोक, त्यात किडे, आणि वास असा की ओपीडीतली रांग आपोआप मोडली. बायको घरात दुसऱ्या खोलीत झोपत होती, आणि त्याची लाज तिला जास्त वाटत होती. टर्पेंटाईनचा बोळा लावून किडे बाहेर काढले, दोन दिवस लागले. मग मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर. काही रुपयांचं औषध, पण चौथ्या-पाचव्या दिवशी वास गेला. मॉर्फिन सुरू झालंच होतं. बोलता येत नव्हतं त्याला. ड्रेसिंगच्या वेळी त्याने स्वतःच युक्ती काढली : चमच्याने स्टीलच्या पेल्यावर एक टोला म्हणजे थांबा, दुखतंय. दोन टोले म्हणजे चला. डबल बेल. आमच्या सिस्टर ऐटीत म्हणायच्या, ‘निघाली गाडी!’ त्याच्या डोळ्यांत हसू दिसायचं, तोंडाला हसणं जमत नव्हतं. सुरुवातीला एका ड्रेसिंगला सात-आठ वेळा एकेरी टोला व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात एखाद-दुसरा. बायको परत त्याच्या खोलीत झोपायला लागली, हे तिनं मला ड्रेसिंगचं सामान गोळा करता करता खालमानेनं सांगितलं.

या सगळ्यात कुठलं मोठं वैद्यकशास्त्र होतं? तालुक्याला होण्यासारखं नव्हतं असं यात काय होतं?

हल्ली मला व्याख्यानांना बोलावतात ते इच्छामरणावर. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दार किलकिलं केलं, मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, जानेवारी 2023 मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांची, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, प्रक्रिया सोपी झाली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. कृत्रिम श्वास थांबवायचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांनी द्यायचा असतो आणि दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर लागतो. तो कोण असेल याची यादी तुमच्या जिल्ह्यात तयार आहे का, तेही एकदा बघा. सभागृहात लोक तावातावाने विचारतात, व्हेंटिलेटर नाकारता येईल ना? येईल. नाकारून माणूस घरी जाईल. आणि घरी मग पंधरा दिवस, महिना, दोन महिने? तिथे तुमच्या रुग्णालयाची ती गोळी नसेल तर तो हक्क घेऊन माणसाने करायचं काय? मॉर्फिन म्हणजे मारायचं औषध, असं समजून घरचे कधी कधी माझ्याकडे दबक्या आवाजात येतात. त्यांना मी सांगते, ही गोळी घेऊन तुमचे वडील उद्या बहुतेक ओट्यावर येऊन बसतील. पुष्कळदा बसतात.

आपलं राज्य यात मागून आलेलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं, शांती आवेदना सदन, 1986 साली. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं वेदनाशमन केंद्र 1997 पासून आहे. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात 2012 पासून वेदनाशमनाच्या या विषयात (पॅलिएटिव्ह मेडिसिन) एमडी करता येतं. त्याच वर्षी केंद्र सरकारचा या सेवेचा कार्यक्रमही आला. कागदावर तर ही सेवा आता थेट आयुष्मान आरोग्य मंदिरापर्यंत, म्हणजे गावातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत, पोचली आहे. आशाताईंना तिचं प्रशिक्षणही द्यायचं ठरलं आहे. पण आशाताई घरी जाऊन वेदना नोंदवणार, वर कळवणार, आणि वर कपाटात काय? डायक्लोफेनॅक.

तेव्हा मागणं एवढंच. तुमच्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला एक डॉक्टर आणि एक सिस्टर प्रशिक्षणाला पाठवा. सिस्टरांना वगळू नका, चालवणार त्याच आहेत. रुग्णालयाच्या मान्यतेचा अर्ज या आर्थिक वर्षात करा. दोन कुलपांचं कपाट तुमच्याकडे आहेच, थिएटरमध्ये. पेशंटला गोळ्यांबरोबर मराठीत एक चिठ्ठी द्या, की हे औषध कायद्याने दिलं आहे. नाकाबंदीत पोलिसांनी अडवलं तर पोराची पंचाईत नको. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘घरी न्या’ लिहिताना त्याखाली कुठे फोन करायचा आणि गोळी कुठे मिळेल या दोन ओळी लिहा.

अर्ज भरायला, रजिस्टर आखायला, पहिले दोन-तीन पेशंट सोबत बघायला मी यायला तयार आहे. भत्ता नको, एसटी मला अर्ध्या तिकिटात पडते. माझा पत्ता शोधायची गरज नाही. तुमच्याच आस्थापना शाखेत माझी पेन्शनची फाईल आहे, दुरुस्तीसाठी दिलेली. ती अजून तिथेच आहे.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ